पाऊण इंचाचा इतिहास

मे महिना, साल २००४. रात्री अडीचच्या सुमारास आमच्या दारावर थापा पडल्या. बाहेर तळमजल्यावरच्या काकूंचा मुलगा उभा. म्हणाला, ‘काका, जिन्यातून धबधबा येतोय.’ मला वाटलं पोरगं झोपेत आहे. पण कान दिला तर खरंच आवाज येत होता. गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारा नळ दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तुटला होता, आणि टाकीतलं सगळं पाणी पायऱ्यापायऱ्यांनी खाली निघालं होतं. जिन्याखाली विजेच्या मीटरांची फळी. काय होऊ शकलं असतं हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं. त्या वेळी कुणीतरी शहाण्या माणसाने आधी मेन स्विच पाडला, एवढंच आमचं नशीब.

मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी. पार्ल्याच्या पूर्वेला तीन मजली, पंधरा ब्लॉकांची इमारत, १९६२ सालची. बॅटरी घेऊन गच्चीवर धावलो. टाकीच्या तोंडाशी वॉल्व्ह होता, त्याचं चाक फिरवलं, तर ते नुसतंच गरगर फिरायला लागलं. आतला दांडा कधीच खाऊन गेलेला. कितीतरी वर्षांत त्या चाकाला कुणी हात लावला नव्हता. शेवटी तिसऱ्या मजल्यावरचा एक कॉलेजकुमार टाकीत उतरला आणि त्याने आतून भोकात टॉवेल कोंबला. पहाट होईपर्यंत पंधरा घरांतले नळ कोरडे, जिना मात्र धुतलेला.

सातला प्लंबर आला. त्याने पाइप पाना लावला आणि तुटलेला तुकडा सोडवून माझ्या हातात दिला. पाऊण इंची नळ. बाहेरून रंगवलेला, बराचसा धड दिसणारा. आत पाहिलं तर तांबूस-काळ्या गाठींनी भोक इतकं भरलं होतं की पेन्सिल जेमतेम जाईल. ‘साहेब, हा काल रात्री नाही तुटला,’ प्लंबर म्हणाला. ‘हा पंधरा वर्षं तुटतोय.’

तो तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे. त्याच्यामुळे मी जुन्या फायली आणि पुस्तकं चाळायला लागलो. आज बोलायचं आहे ते त्याबद्दल.

लोखंडी नळीचा जन्म पाण्यासाठी झालेला नाही. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गॅसचे दिवे आले, तेव्हा गॅस वाहून न्यायला बंदुकीच्या जुन्या नळ्या एकमेकींना जोडून वापरल्या गेल्या. आपल्याकडे बंदुकीचीही नळीच आणि पाण्याचीही नळीच, ते अगदी योग्य आहे म्हणायचं. १८२५ साली कॉर्नेलियस व्हाइटहाउस या इंग्रजाने तापलेल्या पट्टीची सलग नळी ओढून काढण्याचं पेटंट घेतलं आणि नळ स्वस्त झाले. १८३७ साली फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल याने लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवण्याचं पेटंट घेतलं. या मुलाम्याला नाव मिळालं लुइजी गॅल्व्हानीचं. बेडकाच्या तंगड्यांवर विजेचे प्रयोग करणारा हा इटालियन डॉक्टर. त्याने आयुष्यात नळाला हात लावला असेल-नसेल, पण ‘जी.आय. पाइप’मधला ‘जी’ त्याचा.

जस्त काय करतं? लोखंडाच्या आधी आपण गंजतं. जोवर जस्त शिल्लक, तोवर लोखंड सुरक्षित. आपल्या आज्यांना हे निराळ्या रूपात ठाऊक होतं. पातेल्याची कल्हई उडाली की आमटी कळकते, म्हणून कल्हईवाल्याची हाक ऐकली की भांडी बाहेर निघत. पण भिंतीत पुरलेल्या नळाला कल्हईवाला मिळत नाही. जस्त संपलं की संपलं. मग लोखंड गंजतं, गंजाच्या गाठी आत वाढतात, आणि पाणी ‘बारीक’ येऊ लागतं. आपण तोटी बदलतो. दोष तोटीचा नसतोच. नळ सगळ्यात आधी तुटतो तो आटे पाडलेल्या जागी, कारण आटे पाडताना जस्त खरवडलं जातं आणि नळीची जाडीही घटते. सफेदा आणि सुतळी भरून प्लंबर तो सांधा घट्ट करतो खरा, पण नळीचा सगळ्यात अशक्त भाग तोच राहतो.

आता पार्ल्याकडे येतो. मुंबईला नळाचं पाणी मिळालं ते विहारचं, १८६० साली. पुढे १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. हे सगळे तलाव शहराबाहेरचे आणि त्यांचे जाडजूड नळ साष्टीच्या गावांतून शहराकडे जात. उपनगरात ‘पाइपलाइन रोड’ नावाचे रस्ते आजही आहेत. गंमत अशी, की नळ दारावरून जायचा आणि गावं पाणी प्यायची विहिरीचं. पार्ल्यातल्या जुन्या बंगल्यांच्या मागे विहीर, रहाट, आणि परसात टोपलीचा संडास, हे चित्र पाहिलेली माणसं माझ्या लहानपणी घरोघर होती. नळ नाही, म्हणून नळ फुटायची भीतीही नाही.

पाणी घराच्या आत आलं ते दादर-माटुंग्यात. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने शहराच्या उत्तरेला नव्या वसाहती आखल्या. १९३० च्या आसपास तिथे जी घरं उठली त्यांना लोक ‘ब्लॉक’ म्हणू लागले. चाळीत मोरी घरात असली तरी संडास सामायिक, बाहेर, गॅलरीच्या टोकाला. ब्लॉकमध्ये दोन्ही घरात. आज आपल्याला यात विशेष वाटत नाही. पण सोवळंओवळं मानणाऱ्या घरात देवघरापासून दहा पावलांवर संडास ही लहान गोष्ट नव्हती. म्हणून तो मागच्या बाजूला ढकलला गेला. तरी एका मजल्यावर ढकललेला संडास खालच्या मजल्याच्या डोक्यावर येतोच. तिथून पुढच्या सगळ्या भांडणांची सुरुवात झाली असं मी मानतो. वरच्यांची न्हाणी गळते आणि ओल उतरते ती खालच्यांच्या भिंतीत. स्थापत्याच्या भारतीय पुस्तकांत मोरीच्या जाळीखालच्या भांड्याला ‘नहानी ट्रॅप’ म्हणतात. आपला ‘न्हाणी’ हा शब्द असा देशभर गेला, गळती घेऊन.

पार्लं, अंधेरी १९५० साली मुंबई महापालिकेत आले, आणि १९५७ साली हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. त्याच दशकात वैतरणेचं पाणी आलं. त्या धरणाच्या जलाशयाला मोडकसागर हे नाव मिळालं ते महापालिकेचे अभियंते ना. वि. मोडक यांच्यावरून. नळ आले तशा विहिरी मागे पडल्या, बंगले पडले, आणि त्यांच्या जागी आमच्यासारख्या सहकारी सोसायट्या उभ्या राहिल्या. जो तो वर टाकी, खाली टाकी, मध्ये जी.आय. पाइप, असं बांधत गेला. एकाच पंधरा-वीस वर्षांच्या काळात बसलेले हे नळ. मग ते एकाच काळात मोडकळीला येणार, हे कुणी मुद्दाम सांगायला नको होतं.

खरा प्रश्न पुढचा आहे. नळ बदलायचे कुणी?

भाड्याच्या घरांचं उत्तर १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने दिलं. भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली. महायुद्धानंतरच्या महागाईत भाडेकरूला संरक्षण हवंच होतं, त्याबद्दल मी तक्रार करणार नाही. माझ्या वडिलांचं बिऱ्हाड त्याच्यावरच तगलं. पण कायद्यात दुरुस्तीचंही कलम होतं. मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने नोटीस देऊन स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षभरात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये. आता हिशेब करा. महिना चाळीस रुपये भाडं, तर वर्षाचे चारशे ऐंशी, आणि त्याचा चौथा हिस्सा एकशे वीस. १९५० साली त्यात काहीतरी झालं असतं. १९८० साली प्लंबर त्यात वरपर्यंत चढायलाही तयार नव्हता. मालक म्हणे, भाडं परवडत नाही. भाडेकरू म्हणे, घर माझं नाही. दोघंही खरंच बोलत होते, आणि नळ गंजत होता. शहरात इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, उपकर लागला. पण तो मुख्य शहराच्या जुन्या इमारतींपुरता. माहीमची खाडी ओलांडली की त्याचा उपयोग नाही.

मालकीच्या ब्लॉकवाल्यांनी तरी काही शहाणपण दाखवलं का? मी आमच्या सोसायटीच्या फायली काढल्या. १९६२ च्या बिलात नळ ‘मध्यम वर्गाचा’ असं स्वच्छ लिहिलेलं. जी.आय. पाइपचे तीन वर्ग असतात. पिवळा पट्टा हलक्याचा, निळा मध्यमाचा, तांबडा जाडाचा. आमच्या संस्थापकांनी निळा घेतला होता, कारण तांबड्याला पैसे जास्त पडत. त्यांना दोष देववत नाही. प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून घर बांधणारी ती माणसं.

पण सिंकिंग फंडाचं पान पाहिलं आणि मला हसावं की रडावं कळेना. उपविधी म्हणतात, बांधकामखर्चाच्या निदान पाव टक्का रक्कम दर वर्षी बाजूला टाका. आम्ही इमानाने टाकली होती. पण बांधकामखर्च कोणता? १९६२ चा! इमारत तीन लाखांत उभी राहिली, तेव्हा वर्षाचे साडेसातशे रुपये. पंधरा ब्लॉकांत वाटले तर घरटी पन्नास. बेचाळीस वर्षांचे मिळून साडेएकतीस हजार, अधिक व्याज. सगळे नळ बदलायचा अंदाज आला तो याच्या कितीतरी पट.

सभा झाली. तळमजल्याचे म्हणाले, ‘आम्हाला खालच्या नळाचं पाणी थेट येतं, टाकीच्या नळांचा खर्च आम्ही का द्यावा?’ तिसरा मजला म्हणाला, ‘मग गच्ची गळते त्याचा खर्चही फक्त आमच्याकडूनच घ्याल.’ आतला नळ सभासदाचा आणि बाहेरचा सोसायटीचा हे सगळ्यांना मान्य, पण भिंतीच्या बरोबर मध्ये असलेला नळ कुणाचा? यावर दोन तास गेले. ठराव झाला तो क्लॅम्प मारायचा. तुटल्या जागी नवा तुकडा, बाकी ठिकाणी जिथे घाम फुटेल तिथे एम-सील आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी.

पावसाळ्यात त्याची किंमत कळली. आपल्याकडे पाणी ‘सुटतं’ आणि ‘जातं’. चोवीस तास भरलेल्या नळात गळती असली तर पाणी बाहेर जातं, एवढंच. पण पाणी गेलं की रिकामा नळ आत ओढायला लागतो, आणि त्याच भोकातून बाहेरचं आत येतं. त्यात खाली पंप लावून ओढणारे असले की विचारूच नका. शिवाय ओलं-कोरडं, ओलं-कोरडं होत राहिल्याने नळ गंजतोही लवकर. आमचा खालच्या टाकीकडे येणारा नळ बिडाच्या सांडपाण्याच्या नळाला खेटून गेला होता. त्या बिडाच्या नळाच्या शिसं ओतलेल्या सांध्यात पिंपळ उगवलेला. दर वर्षी आम्ही तो कापायचो, तो दर वर्षी यायचा. ऑगस्टमध्ये इमारतीत पाच जणांना कावीळ झाली. त्यांतली एक दहावीतली मुलगी, थेट पाणी येणाऱ्या त्याच तळमजल्यावरची. तिचे दोन महिने गेले. पुढच्या सभेत नळ बदलायच्या ठरावाला विरोध झाला नाही. तिचे वडील मागच्या सभेत सगळ्यांत मोठ्याने बोलले होते. या वेळी ते काही बोलले नाहीत, फक्त पहिला चेक त्यांनी दिला.

काम करायला आलेले चौघेही ओडिशाचे, केंद्रपाडा जिल्ह्यातले. देशभर प्लंबर म्हणून जाणाऱ्यांचा हा जिल्हा. तिथे पट्टामुंडईला नळकामाची सरकारी संस्थाही आहे. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याने मला नव्या नळावरचा तांबडा पट्टा बोटाने दाखवला आणि तो रंगाखाली जाण्याआधी बघून घ्यायला सांगितलं. सेक्रेटरीच्या डोळ्यांदेखत निळ्याचा तांबडा होतो, हे त्याला ठाऊक होतं.

ते नळही आता राहिले नाहीत. इमारत पुनर्विकासात गेली. नव्या घरात प्लास्टिकचे नळ आहेत, ते गंजत नाहीत. ते सगळे भिंतींत आहेत. मी बिल्डरकडे नळांचा नकाशा मागितला, तर त्याने मला फर्निचर कुठे ठेवायचं त्याचा रंगीत नकाशा दिला. राहायला गेलो त्या संध्याकाळी वॉचमनला घेऊन मी खाली उतरलो आणि मुख्य कॉक शोधू लागलो. त्यालाही माहीत नव्हता. अर्ध्या तासाने तो सापडला, शोभेच्या कुंड्यांच्या रांगेमागे, मातीत अर्धा बुडालेला. आम्ही कुंड्या बाजूला केल्या आणि तो एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडून पाहिला.