‘कोच’चे म्हैसुरी कूळ

‘कोच’ हे मुळात हंगेरीतल्या एका गावाचे नाव. पंधराव्या शतकात तिथे बनणाऱ्या घोडागाड्या युरोपभर गेल्या आणि गावाचे नाव गाडीला चिकटले. १८३०च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी आपल्याला परीक्षेपार नेणाऱ्या खासगी शिक्षकाला थट्टेने तेच नाव दिले. पुढे ते खेळाच्या मैदानावर रुळले आणि १९८०नंतर कंपन्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या दालनात शिरले.

सत्तेवरच्या एकाच माणसाला निर्णय घ्यायला शिकवण्याचे काम मात्र हिंदुस्थानी संस्थानांत त्याआधीच चालू होते. कुंभकोणमचे मराठीभाषक टी. माधवराव आधी त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक होते, मग तिथलेच दिवाण झाले. बडोद्याच्या दिवाणगिरीत त्यांनी १८८१ साली तरुण सयाजीरावांना राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली.

म्हैसुरात ही गरज १८९४ साली पडली. चामराजेंद्र वाडियार वारले, तेव्हा वारस कृष्णराज अवघा दहा वर्षांचा होता. कारभार राजमाता वाणीविलास यांनी पाहिला आणि राजपुत्राच्या शिक्षणासाठी मुंबई इलाख्याच्या सनदी सेवेतला स्टुअर्ट फ्रेझर नेमला गेला. हा गडी नवखा नव्हता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांना धारवाडात त्यानेच शिकवले होते. कायद्याची तत्त्वे, महसुलाची पद्धत आणि मुलूख डोळ्यांनी पाहण्यासाठी लांबलांबचे दौरे, असा त्याचा पाठ असे. धारवाडातले दुसरे शिक्षक रघुनाथ व्यंकाजी सबनीस पुढे शाहूंचे दिवाण झाले.

शाहूंनी २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या. तेरा दिवसांनी, ८ ऑगस्टला, कृष्णराजांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. त्यांनीही १९१८मध्ये मागासांच्या नोकऱ्यांच्या प्रश्नावर मिलर समिती नेमली. याचे श्रेय फ्रेझरच्या पदरात घालणे धाडसाचे ठरेल, कारण शाहूंना वेदोक्ताच्या वादाने, म्हणजे राजघराण्याचे विधी वेदमंत्रांनी व्हावेत की पुराणमंत्रांनी या भांडणाने, जे शिकवले ते कुठल्याच पाठात नव्हते.

या व्यवस्थेतली खरी मेख निराळीच होती. शिक्षक राजाचा, पण बांधील इंग्रज सरकारला. १९०५ साली हाच फ्रेझर रेसिडेंट होऊन म्हैसुरात परतला. काल ज्याला शिकवले त्याच्यावर आता सरकारतर्फे नजर ठेवायची होती. त्याच्या त्या कारकिर्दीत, १९०९ साली, माधवरावांचे चिरंजीव आनंदराव म्हैसूरचे दिवाण झाले.

वरच्या माणसाला घडवण्याचे हे काम पुढे कंपन्यांकडे आले. पुण्यात १९८१ साली निघालेल्या इन्फोसिसने २००१मध्ये म्हैसुरातच आपली नेतृत्वसंस्था काढली. वरिष्ठांनी स्वतः वर्ग घ्यायचे आणि अधिकाऱ्याविषयी वरच्या, बरोबरीच्या व हाताखालच्या माणसांचे मत घ्यायचे, ही तिथली रीत. बाहेरून बोलावलेल्या कोचच्या करारात आज सहसा तीन पक्ष असतात: पैसे देणारी कंपनी, शिकणारा अधिकारी आणि कोच. बैठकीतले बोलणे कंपनीच्या कानावर घालायचे नाही, अशी अट त्यात असते. फ्रेझरच्या नेमणुकीत ती असणे शक्यच नव्हते.