यंत्रयुगातील एक ग्रंथालय

‘ग्रंथालय’ हा शब्द संगणकशास्त्रातही रूढ आहे, आणि तो तेथे केवळ अलंकार म्हणून आलेला नाही. केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या मार्गदर्शनाखाली उभारलेला ‘एडसॅक’ हा संगणक ६ मे १९४९ रोजी प्रथम चालला. वर्गमूळ काढणे, उत्तर छापणे अशी तीच ती कामे प्रत्येकाने नव्याने लिहावयाची, तर प्रत्येकाच्या हातून नव्या चुका होणार, हे लवकरच ध्यानी आले. म्हणून डेव्हिड व्हीलर प्रभृतींनी तपासून घेतलेल्या उपआज्ञावलींच्या छिद्रांकित कागदी फिती एका कपाटात वर्गवार लावून ठेवल्या. हवी ती फीत काढावी, तिची नक्कल आपल्या फितीवर उतरवावी आणि मूळ फीत जागेवर ठेवावी, असा प्रघात पडला. १९५१ मध्ये विल्क्स, व्हीलर व स्टॅन्ली गिल यांनी या संग्रहाचे विवरण ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

त्याच वर्षी चहा व बेकरीच्या व्यवसायातील लायन्स या ब्रिटिश कंपनीने एडसॅकच्या धर्तीवर बांधलेल्या ‘लिओ’ यंत्रावर आपल्या बेकऱ्यांचे हिशेब सुरू केले. येथे प्रश्न निराळा होता. वर्गमूळाची रीत बदलत नाही. व्यापारातील नोंदी मात्र वाढतात आणि त्यांची मांडणीही बदलते. नोंद कोठे व कशी ठेवली आहे, हे पुढेही दीर्घकाळ प्रत्येक आज्ञावलीत स्वतंत्रपणे लिहिलेले असे. मांडणी बदलली की त्या साऱ्या आज्ञावली दुरुस्त करणे आले.

१९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत चार्ल्स बाकमन यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत ‘आयडीएस’ रचून नोंदींची ने-आण एका सामाईक व्यवस्थेकडे सोपविली. तरीही एका नोंदीवरून दुसरीकडे जाण्याची वाट आज्ञालेखकालाच ठाऊक असावी लागे. १९७० मध्ये आयबीएमचे एडगर कॉड यांनी पुढचे पाऊल टाकले: मागणाऱ्याने काय हवे ते सांगावे, ते कोठे आहे हे व्यवस्थेने शोधावे.

या शिस्तीचे मोल २००० साल जवळ आले तेव्हा कळून आले. जुन्या आज्ञावलींत वर्षाचे शेवटचे दोनच अंक नोंदविलेले असत. जेथे तारखेचे व्यवहार एकाच सामाईक आज्ञावलीतून होत, तेथे दुरुस्ती तुलनेने सोपी गेली. जेथे ते सर्वत्र विखुरले होते, तेथे ओळ न् ओळ तपासावी लागली. त्या कष्टात भारतीय अभियंत्यांचा वाटा मोठा होता.

ग्रंथालयाच्या सभासदांस यात नवल वाटू नये. कपाटे हलली तरी वाचकाला नवी वाट शिकावी लागत नाही. ग्रंथपाल तालिका दुरुस्त करतो. ठिकाणाचे ज्ञान एकाच जागी जपावे, म्हणजे बदलाचा भार सर्वांवर पडत नाही.