दर्यावरची जमा-नावे

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाचं पंचांग म्हणजे सुट्ट्यांची यादी. तिच्यात चौथा शनिवार असतो, पण एकादशी नसते. आणि ज्या दिवशी बँक उघडी, तो दिवस आमच्या लेखी साधा दिवस. पण अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचं असेल तर ही यादी काही उपयोगाची नाही. किल्ला उभा समुद्रात. भरतीला त्याचं बेट होतं, ओहोटीला किनाऱ्यावरून चालत जाता येतं. तिथे तिथीच पाहावी लागते.

तिथीवरून भरतीची वेळ काढायचं गणित कोकणात पोरासोरांनाही ठाऊक असतं. तिथीला तीनने गुणा आणि चारने भागा, पूर्ण भरतीची वेळ हातात! एकादशी असेल तर अकरा त्रिक तेहेतीस, भागिले चार, म्हणजे सव्वाआठ. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. बी. कॉम.ला आम्हाला सरळव्याज शिकवलं, चक्रवाढव्याज शिकवलं, घसारासुद्धा शिकवला. पण चंद्राच्या हप्त्यांचं हे इतकं सोपं कोष्टक कुणी शिकवलं नाही.

तर चौथा शनिवार आणि एकादशी असा दुर्मिळ योग साधून आम्ही दोन कुटुंबं गेटवेवरून लाँचने मांडव्याला आणि तिथून बसने अलिबागला जाऊन पोचलो. दोन कुटुंबं म्हणजे आमचं आणि आमच्या हेड कॅशिअरचं. हेड कॅशिअर हा मनुष्य स्वभावाने हिशेबी.

"एकादशीला सहल काढलीत," ते लाँचवरच मला म्हणाले, "म्हणजे बटाटेवडे बुडाले की नाही?"

"बुडाले नाहीत, साबुदाणेवडे झाले," वहिनींनी परस्पर निकाल दिला.

दुपारपर्यंत वेळ होता, म्हणून आम्ही किनाऱ्याकिनाऱ्याने वरसोलीकडे चालत निघालो. एका हाताला सुरूची झाडं, दुसऱ्या हाताला ओसरू लागलेला समुद्र आणि मधून आम्ही, हातात चपला आणि खांद्याला डबे घेऊन. मागे वळून पाहिलं की कुलाबा किल्ला दिसतो. शिवाजी महाराजांनी १६८० साली त्याचं बांधकाम सुरू केलं आणि त्यांच्यामागे संभाजी महाराजांनी ते पुरं केलं. तटाचे मोठमोठे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच जिरतो. साहेब ओरडू लागले की आम्ही कारकून जे करतो, तेच हे दगड तीनशे-साडेतीनशे वर्षं करत आले आहेत. म्हणूनच दोघेही अजून जागेवर आहोत.

दीडच्या सुमारास आम्ही किल्ल्याकडे वळलो. घोडागाडीवाले घोळक्याने उभे होते. "पानी आहे अजून, गाडीत बसा," त्यांचा आग्रह. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा समुद्र फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. एकादशी त्याच्यापासून तीन दिवसांवर. त्यामुळे मधल्या वाटेत गुडघाभर पाणी शिल्लक होतंच. हेड कॅशिअरांनी गाडीचं भाडं विचारलं, मनात त्याला माणशी भागलं आणि विजारी दुमडल्या. आम्ही चालत गेलो.

महाद्वारातून आत गेलं की ऊन, रान, देवळं आणि एकदम गोड्या पाण्याचं तळं. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधोमध गोडं! रघुजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ तिथेच आहे. आम्ही जवळच सावलीला सतरंजी पसरली, वहिनींनी साबुदाणेवडे काढले, आमच्या हिने खिचडी वाढली आणि इतिहास सुरू झाला. त्याला तोंड फोडलं आमच्या चिरंजीवांनी. इयत्ता आठवी, माध्यम इंग्रजी.

"बाबा, मी एका पुस्तकात वाचलंय, कान्होजी आंग्रे पायरेट होते. म्हणजे आपण चोराच्या घरात बसून खातोय का?"

हेड कॅशिअरांचा वडा हातातच राहिला. मलाही घास गिळायला वेळ लागला. मुलाचा प्रश्न सरळ होता, आणि 'इंग्रज खोटं लिहितात' असं म्हणून तो उडवून लावणं म्हणजे पुढच्या प्रश्नाला आमंत्रण. तेव्हा मी त्याला आमच्या धंद्यातून उत्तर दिलं.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज या समुद्रावर आले आणि त्यांनी 'कार्ताझ' नावाचा परवाना काढला. तो घेतल्याशिवाय जहाज फिरलं तर ते पकडायचं, माल जप्त करायचा. याला कुणी चाचेगिरी म्हणालं नाही, कारण पुस्तकं तेच लिहीत होते. पुढे कोकणचा किनारा कान्होजींच्या ताब्यात आला, तेव्हा त्यांनीही तसाच परवाना काढला. त्याचं नाव दस्तक. पैसे भरा, दस्तक घ्या, खुशाल जा. दस्तक नसेल तर जहाज अटकेत. आणि कान्होजी कुणी उपटसुंभ नव्हते. १७१३-१४च्या सुमारास बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने ते शाहू महाराजांचे सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख झाले. नेमणुकीचा कागद असलेला माणूस! आमच्या बँकेत एवढ्यावर माणूस कायम होतो.

"मग इंग्रजांना राग कशाचा?" चिरंजीव.

राग फीचा. खिडकीवर बसून मी अठरा वर्षं हे पाहतोय. खात्यातली शिल्लक कमी पडली म्हणून आकार कापला की समोरचा गृहस्थ मला कान्होजी आंग्रे समजूनच बोलतो. त्यातून इंग्रजांची मेख अशी, की त्यांच्या निशाणाखाली देशी व्यापाऱ्यांचा मालही फिरायचा. म्हणजे सवलत एकाच्या नावावर आणि माल भलत्याचाच. कान्होजी म्हणत, हा माल तुमचा नाही. इंग्रज म्हणत, निशाण आमचं आहे. असल्या खात्यांवरून आजही आमच्याकडे तासन् तास वाद चालतात; फक्त तोफा नसतात.

"म्हणजे आंग्रे अगदी साधुसंत?" हेड कॅशिअरांनी हिशेब ताळ्यावर आणला.

नव्हतेच. १७१२ साली त्यांच्या माणसांनी मुंबईच्या गव्हर्नराची सजवलेली नाव धरली. त्या झुंजीत कंपनीच्या कारवारच्या वखारीचा प्रमुख मारला गेला आणि त्याची तरुण बायको इथे कुलाब्यात कैदेत आली. पुढच्या वर्षी इंग्रजांनी तिच्यासाठी ३०,००० रुपये मोजले. ज्या तटाच्या सावलीत आम्ही वडे खात होतो, त्याच्या आत ती बाई जीव मुठीत धरून बसली असेल. तिच्या वहीत आंग्र्यांच्या खात्यावर काय लिहिलं असेल, ते सांगायला नको. ती नोंद खोडता येत नाही, आणि खोडूही नये.

आमची ही इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "मग त्याला नीट सांगा ना, चोर की नाही?"

तेव्हा मी चिरंजीवांना पासबुकाची गोष्ट सांगितली. तू बँकेत शंभर रुपये भरलेस, तर तुझ्या वहीत ते बँकेच्या नावे पडतात आणि बँकेच्या वहीत तुझ्या खाती जमा होतात. पैसे तेच, तारीख तीच, बाजू मात्र उलट. कुणी खोटं बोलत नाही. पण एकच वही वाचणाऱ्याला अर्धाच व्यवहार दिसतो. 'पायरेट' ही कंपनीच्या वहीतली नोंद आहे. 'सरखेल' ही साताऱ्याच्या वहीतली. दोन्ही समोर ठेवल्याशिवाय ताळा जमत नाही.

चिरंजीवांनी विचार केला आणि म्हणाले, "आणि शेवटी जिंकलं कोण?"

पोरांना ताळेबंद नको असतो, नफा-तोटा पाहिजे असतो. तेही सांगितलं. १७२१च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र होऊन याच कुलाब्यावर चालून आले. कमोडोर मॅथ्यूज विलायतेहून शाही युद्धनौका घेऊन आला होता. पण बाजीराव पेशवे कान्होजींच्या मदतीला धावले, हल्ला मोडला आणि खुद्द कमोडोरसाहेबांच्या मांडीत एका मराठा स्वाराचा भाला शिरला. पुढच्याच महिन्यात, १७२२च्या जानेवारीत, पोर्तुगीजांनी पेशव्यांशी परस्पर तह करून टाकला. भागीदारीत धंदा करू नये, हे आम्हाला बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला शिकवतात. कान्होजी ४ जुलै १७२९ रोजी वारले. त्यांची समाधी अलिबाग गावात आहे. ते होते तोवर कुलाबा कुणाला मिळाला नाही. इंग्रजांना तो मिळाला १८४० साली, तोही लढून नाही. गादीला औरस वारस उरला नाही, म्हणून संस्थान खालसा करून. ज्या खात्याला वारस नाही, त्याचं काय होतं हे मला विचारा.

"पानी भरतंय! निघा आता!" महाद्वाराकडून घोडागाडीवाला ओरडला. डबे भरले, सतरंजी झटकली. हेड कॅशिअरांनी या वेळी मुकाट्याने गाडी केली, भाडंही विचारलं नाही.

एक नोंद मात्र मी चिरंजीवांना परतीच्या लाँचमध्ये दाखवली. मुंबई जवळ आली की कोटातला जो भाग दिसतो, तिथे कंपनीचा जुना किल्ला होता. त्याच्या आत बसून गव्हर्नर आंग्र्यांवर स्वाऱ्या आखायचे. आज तिथे भारतीय नौदलाचा तळ आहे. १९५१ साली त्याचं नाव ठेवलं, 'आयएनएस आंग्रे'. चूक दुरुस्त करायची झाली तर आम्ही जुनी नोंद खोडत नाही. खाली तारीख घालून उलटी नोंद करतो.

नौदलात कुणीतरी बी. कॉम. असला पाहिजे.