एरियान ५ आणि विस्मरणात गेलेली अट

१/ ४ जून १९९६. फ्रेंच गयानातील कुरू येथून युरोपचा नवा अग्निबाण ‘एरियान ५’ प्रथमच झेपावला. पोटात पृथ्वीच्या चुंबकावरणाचा अभ्यास करणारे चार ‘क्लस्टर’ उपग्रह होते. सुमारे चाळीस सेकंदांत तो मार्गावरून ढळला आणि ३,७०० मीटर उंचीवर त्याच्या ठिकऱ्या उडाल्या.

२/ गणितज्ञ जाक-लुई लिओंस यांच्या चौकशी मंडळाने १९ जुलैला अहवाल दिला. दोष इंजिनात नव्हता; तो एरियान ४ वर पारखलेल्या सॉफ्टवेअरमध्ये होता.

३/ दिशा व वेग मोजणाऱ्या यंत्रणेचे हे सॉफ्टवेअर जवळपास जसेच्या तसे उचलले होते. त्यात आडव्या वेगाशी निगडित एक ६४-बिट संख्या १६-बिट पूर्णांकात बदलली जाई. त्यात ३२,७६७ हून मोठी संख्या मावत नाही. एरियान ५ चा आडवा वेग फार झपाट्याने वाढला, संख्या मर्यादेबाहेर गेली आणि यंत्रणा बंद पडली.

४/ राखीव यंत्रणा होती, पण तिच्यातही तेच सॉफ्टवेअर! ती क्षणभर आधीच थांबली होती. बिघाडाचा संदेश मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती म्हणून वाचला आणि नोझल टोकापर्यंत वळवले.

५/ खरी शोकांतिका पुढेच आहे. ही आकडेमोड उड्डाणानंतर निरुपयोगी होती. उलटी गणती ऐनवेळी थांबल्यास ती लवकर पुन्हा सुरू करता यावी, म्हणून एरियानच्या जुन्या आवृत्तीसाठी ती काही सेकंद चालू ठेवली जाई. एरियान ५ ला ती गरज नव्हती. गरज संपली, कोड मात्र उरला.

६/ धोक्याच्या सात चलांपैकी चारांनाच संरक्षण दिले होते, कारण संगणकावरील भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता. उरलेली तीन सुरक्षित का मानली, याचे कारण मूळ कोडमध्ये नोंदलेले नव्हते. ते कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात दडले. यंत्रणेच्या आवश्यकतापत्रात एरियान ५ चा उड्डाणमार्गही नव्हता.

७/ ऑब्जेक्ट-ओरिएंटेड ‘आयफेल’ भाषेचे जनक बर्ट्रांड मेयर आणि जाँ-मार्क जेझेकेल यांनी जानेवारी १९९७ मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवले : घटक पुन्हा वापरायचा, तर तो कोणत्या अटींवर चालतो याचा करारही त्याच्यासोबतच, कोडमध्येच लिहिलेला हवा.

८/ ‘क्लस्टर’चे चार उपग्रह नव्याने बांधावे लागले. २००० साली बैकानूरहून ते दोन-दोन करून अवकाशात गेले. या वेळी रशियाच्या सोयूझ अग्निबाणावर.