गुडदाणी ते एनर्जी बार

परवा चिखलोलीत एका दुकानात शाळेच्या गणवेशातला मुलगा आईकडे हट्ट धरून उभा होता. हातात चकचकीत वेष्टनातला एनर्जी बार. किंमत बघून आई गप्प. शेजारच्या बरणीत शेंगदाण्याची चिक्की होती, पण तिकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

मंडळी, ही कल्पना काही नवी नाही. आपल्या चिखलोलीवरून जाणारी कल्याण-पळसदरी लाइन १८५६ साली सुरू झाली. पुढचा बोरघाट फोडायला हजारो मजूर राबले, तेव्हा कुठे १८६३ साली घाटातून गाडी गेली. लोणावळ्यात आजही सांगतात, की रेल्वेच्या कामावरच्या मजुरांना गूळ-शेंगदाण्याची 'गुडदाणी' विकली जायची. मगनलाल चिक्कीची कहाणी तिथूनच सुरू होते म्हणे.

गोष्ट पटण्यासारखी आहे. गूळ लगेच ताकद देतो, शेंगदाणा पोटाला आधार देतो. १०० ग्रॅम शेंगदाण्यात साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात. वडी खिशात मावते, लवकर खराब होत नाही. तिकडे कॅलिफोर्नियात १९८० च्या दशकात ब्रायन मॅक्सवेल या मॅरेथॉन धावपटूने 'पॉवरबार' आणला, तोही लांब पल्ला धावणाऱ्यांसाठी. म्हणजे दोन्हीकडे खाणारा घाम गाळणारा होता. आज तोच पदार्थ दिवसभर बाकावर बसणाऱ्या पोराच्या डब्यात जातोय.

२०१५ साली अंगणवाडीची चिक्की राज्यभर गाजली, आठवतंय ना? चिक्कीसह इतर वस्तूंच्या २०६ कोटींच्या खरेदीवर आरोप झाले, सरकारने ते फेटाळले. राजकारण भरपूर झालं. पोरांच्या खाऊत नेमकं काय असावं, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

मग निवडायचं कसं? पाकीट उलटं करा. पुढे जाहिरात असते, मागे हिशेब. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं बंधनकारक आहे. पहिल्या दोन-तीन नावांत साखर किंवा ग्लुकोज सिरप असेल, तर तो बार म्हणजे सरळ गोळी-चॉकलेटचा भाऊ. 'अॅडेड शुगर'चा आकडा बघा. चार ग्रॅम म्हणजे साधारण एक छोटा चमचा साखर. हा आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका बारचा, तेही तपासा. आणि 'एनर्जी' म्हणजे फक्त कॅलरी, आरोग्य नव्हे. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रेत्यांना 'हेल्थ ड्रिंक' या वर्गातून पेयं काढायला सांगितली, कारण कायद्यात अशी व्याख्याच नाही.

चिक्कीचंही उगाच कौतुक नको. गूळ झाला तरी तो गोडच. छोटी वडी पुरे, आणि दाणा खवट किंवा बुरशीचा लागला तर फेकून द्या. पोराला रोज डब्यात मूठभर भाजलेले शेंगदाणे-फुटाणे दिले, तरी काम भागतं.

घाटातला मजूर गुडदाणी खाऊन दगड फोडायला जायचा. आपलं पोर बार खाऊन कुठे जातंय? मैदानावर की मोबाइलवर? पाकीट घेण्याआधी एवढं स्वतःला विचारा.

तुमच्या घरी डब्यात काय जातं? खाली लिहा.