तळटीप : नोंद संख्येची, नावाची नव्हे

'मासिक विवरण' : १९७१च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याखाली रुग्णालयांना दरमहा गर्भपातांची आकडेवारी शासनाला कळवावी लागते. २००३च्या विनियमांनुसार विवरणात फक्त संख्या जातात. नोंदवह्यांपैकी बाईचे नाव एकट्या दाखल-नोंदवहीत राहते. ती वही गुप्त दस्तऐवज आहे. केसपेपरवर आणि शस्त्रक्रियागृहाच्या नोंदवहीत नावाऐवजी अनुक्रमांक लिहायचा, संमतिपत्र बंद पाकिटात ठेवून त्यावर 'गुप्त' लिहायचे, असा दंडक आहे. २०२१च्या दुरुस्तीने नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या.

नावे दडवली तर लिंगनिवड कशी पकडणार, हा आक्षेप गंभीर आहे. पण गर्भलिंगनिदान हा सोनोग्राफी केंद्रात घडणारा गुन्हा आहे. त्यासाठी १९९४चा स्वतंत्र कायदा आणि स्वतंत्र नोंदी आहेत. केंद्र तपासावे, बाई नव्हे. भिवंडी तालुक्यातील पूर्णासारख्या गोदामांच्या गावात तर केवळ नाव गाळूनही भागत नाही. महिन्याला एखादीच घटना असेल, तर गाव, वय आणि महिना एवढ्यावरून शेजारी ती बाई ओळखतील. म्हणून प्रसिद्ध होणारे आकडे तालुका किंवा जिल्ह्याच्या पातळीवरच एकत्र करावेत. न्यायालयानेही गुप्ततेला महत्त्व दिले आहे : सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये, गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने व पालकाने विनंती केल्यास, पोक्सोखाली (बालकांच्या लैंगिक अत्याचारांपासून संरक्षणाच्या कायद्याखाली) पोलिसांना द्यायच्या माहितीतूनही तिचे नाव वगळण्याची मुभा डॉक्टरांना दिली. गुप्ततेची खात्री नसेल, तर बाई मान्यताप्राप्त दवाखाना टाळते. मग तिचा जीवही धोक्यात येतो आणि आकडाही खोटा ठरतो.