पाटकरी आणि सर्व्हर

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य आता मराठीच झाले आहे. धडगावच्या डोंगरातला माणूस दाखल्यासाठी खाली येतो, खिडकीपलीकडून हे तीन शब्द ऐकतो आणि दिवसाची मजुरी बुडवून परत फिरतो. हा सर्व्हर बंद पडू नये आणि पडलाच तर काम अडू नये, म्हणून जगात गेली साठेक वर्षे खटपट चालू आहे. तिचे मर्म समजायला आपल्या खानदेशाइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

पांझरेच्या काठची फड पद्धत आठवा. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखाली अनेकांची शेते. पण कोणी शेतकरी स्वतः उठून पाणी फोडत नाही. ते काम पाटकऱ्याचे. कोणाला, केव्हा, किती पाणी द्यायचे हे तो पाहतो. आपल्या शेतात पाणी आले, एवढेच शेतकऱ्याला पुरते.

संगणकातली ‘आभासीकरणा’ची कल्पना हीच आहे. यंत्र एकच, पण त्याच्यावर बसवलेली एक आज्ञावली त्याची शक्ती अनेकांना वाटून देते. या पाटकऱ्याचे नाव ‘हायपरव्हायजर’. प्रत्येक वाटेकऱ्याला वाटते, की अख्खा संगणक आपलाच. अशा प्रत्येक वाट्याला ‘आभासी यंत्र’ म्हणतात.

ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील केंद्रात रॉबर्ट क्रीझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये ‘सीपी-४०’ ही प्रणाली वापरात आणली. एका यंत्रावर चौदा आभासी यंत्रे चालत. तेव्हा संगणक इतके महाग होते, की वाटून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९७२ मध्ये ‘व्हीएम/३७०’ या नावाने ही सोय सर्व ग्राहकांसाठी खुली झाली.

पुढे संगणक स्वस्त झाले आणि वाटणीची गरज संपल्यासारखे वाटले. नव्वदीच्या दशकात कार्यालये प्रत्येक कामासाठी वेगळा सर्व्हर घेऊ लागली. पगाराला एक, टपालाला एक, नोंदींना एक. एका आज्ञावलीने दुसरीला बाधा आणू नये, हे त्याचे कारण. परिणाम असा, की बहुतेक यंत्रे दिवसभर जवळजवळ रिकामी बसत, पण वीज, वातानुकूलन आणि देखभाल मात्र पुरेपूर मागत.

१९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात डायन ग्रीन, मेंडेल रोझेनब्लम आणि तिघा सहकाऱ्यांनी ‘व्हीएमवेअर’ ही कंपनी काढली. त्यांच्यापुढची अडचण मोठी होती. स्वस्त संगणकांच्या इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरमध्ये सतरा आज्ञा अशा होत्या, की त्या पाटकऱ्याला न कळवताच परस्पर काहीतरी करून मोकळ्या होत. या मंडळींनी त्या आज्ञा चालण्याआधीच हेरून बदलण्याची युक्ती शोधली. २००१ मध्ये त्यांची सर्व्हरसाठीची आवृत्ती आली. २००३ मध्ये तर चालू आभासी यंत्र, काम न थांबवता, एका संगणकावरून दुसऱ्यावर नेता येऊ लागले. त्याच वर्षी इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठातून ‘झेन’ ही मुक्त प्रणाली आली आणि २००५ पासून खुद्द प्रोसेसरमध्येच या वाटणीची सोय होऊ लागली.

याचा सर्वाधिक लाभ झाला तो ‘ॲप्लिकेशन सर्व्हर’ना. आपण पडद्यावर बटण दाबतो आणि नोंदी असतात कोठारात. या दोहोंच्या मध्ये बसून नियम तपासणारा, हिशेब करणारा हा कारकून. दाखल्यांच्या हंगामात गर्दी वाढली, की त्याच्या आणखी प्रती उभ्या करता येतात, गर्दी ओसरली की मिटवता येतात. नवी सुधारणा फसली, तर आधी जपून ठेवलेल्या स्थितीवर परतता येते.

महाराष्ट्रात सातबाऱ्याचे संगणकीकरण सुरुवातीला तालुक्या-तालुक्यात झाले. राष्ट्रीय ई-प्रशासन योजनेला २००६ मध्ये मंजुरी मिळाली आणि राज्यांची मध्यवर्ती डेटा सेंटर उभी राहू लागली. मुंबईतील आपल्या केंद्राने आभासीकरण स्वीकारले आणि पुढे ‘महागव्ह क्लाउड’ म्हणून शासकीय खात्यांना यंत्राऐवजी यंत्राचा वाटा मिळू लागला. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला.

याच जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातील टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी ‘आधार’चा देशातला आरंभ झाला. त्यामागची रचना उलट्या दिशेची. तिथे एका यंत्राचे अनेक वाटे करण्यापेक्षा, बाजारात मिळणारे साधे सर्व्हर जोडून एक मोठी शक्ती उभी करण्यावर भर होता. एकाचे अनेक आणि अनेकांचे एक, या दोन्ही वाटांवर आजचा कारभार चालतो.

पण पाटकरी कितीही हुशार असला, तरी बंधाऱ्यात असेल तेवढेच पाणी तो वाटणार. कागदावर स्मृतीचे वाटे क्षमतेपेक्षा जास्त केले, की सगळीच आभासी यंत्रे एकदम मंदावतात. आणि मूळ यंत्र बंद पडले, की त्याच्यावरची सगळीच एकदम पडतात. म्हणून दुसरे यंत्र आणि दूरच्या गावी दुसरे केंद्र सज्ज लागते. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, माणसे दगावली आणि असंख्य फायली जळाल्या. एकच प्रत असलेला कागद गेला, की गेलाच. आभासी यंत्र म्हणजे शेवटी एक फाईल. तिची प्रत करता येते, पण ती कोणीतरी वेळेवर करायला हवी.

शिवाय मुंबईतला सर्व्हर अखंड चालला, तरी सातपुड्यात वीज गेली किंवा मोबाईलचा मनोरा मुका झाला, की खिडकीवरचे उत्तर तेच राहते. फडात पाण्याची खरी परीक्षा बंधाऱ्यापाशी होत नाही, ती होते पाटाच्या शेपटाला असलेल्या शेतात. अक्राणी तालुका या नव्या पाटाच्या शेपटाला आहे. तिथल्या माणसाचा दाखला पहिल्याच फेरीत हाती पडला, तर पाणी पोचले म्हणायचे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)